देव, दैव आणि नीती : वाद घालायचा तर असा घाला

साताऱ्यात या विषयांवर वाद पेटायला निमित्त लागत नाही. एका बाजूला समर्थ रामदासांचा सज्जनगड, दुसऱ्या बाजूला शास्त्रांच्या अभ्यासाची वाईची प्राज्ञपाठशाळा. खटाव तालुक्यातलं कटगुण हे महात्मा फुल्यांचं मूळ गाव, कराडजवळचं टेंभू हे बुद्धिवादी सुधारक आगरकरांचं जन्मगाव, आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे (अंनिस) डॉ. नरेंद्र दाभोलकर तर साताऱ्याचेच. त्यामुळे चर्चेला येणारा माणूस घरूनच बाजू ठरवून येतो. ‘हा माळकरी’, ‘हा अंनिसवाला’ अशी शिक्कामोर्तब पहिल्या पाच मिनिटांत होते आणि पुढचा दीड तास एकमेकांना आपापली बाजू ऐकवण्यात जातो.

यात सगळ्यात मोठा घोळ असतो तो तीन वेगळे प्रश्न एकाच दमात विचारण्याचा. माणसाला निवडीचं स्वातंत्र्य आहे का, बरं-वाईट कशावरून ठरतं, आणि देव आहे का? हे प्रश्न एकमेकांना चिकटलेले आहेत खरे, पण एकाचं उत्तर दिलं की दुसऱ्याचं आपोआप मिळत नाही. देव मानून नियतिवादी (सगळं आधीच्या कारणांनी ठरलेलं असतं असं मानणारा) असता येतं, देव न मानता नीती पक्की धरता येते. म्हणून पहिला नियम : तीन प्रश्नांना तीन बैठका. क्रमही ठरलेला बरा. आधी इच्छास्वातंत्र्य, मग नीती, देव शेवटी. देवापासून सुरुवात केली की लोक गटांत बसतात. स्वातंत्र्यापासून केली की पहिल्याच बैठकीत माळकरी आणि विज्ञानाचा शिक्षक एका बाजूला आलेले दिसतात. तसं एकदा झालं की पुढच्या बैठकांना लोक जरा मोकळ्या मनानं येतात.

बैठकीची बांधणी

माणसं आठ ते बारा. सहाच्या खाली गेलं की दोघांचीच जुगलबंदी होते, पंधराच्या वर गेलं की भाषणं सुरू होतात. जागा वाचनालयाची खोली किंवा शाळेचा वर्ग. देवळाचा सभामंडप नको आणि कुठल्या संघटनेचं कार्यालयही नको. खुर्च्या गोल मांडा, एक फळा हवा. वेळ रविवारी दुपारी चारची. संध्याकाळी सातला ठेवलीत तर स्वयंपाकाच्या वेळेमुळे बायका येणार नाहीत, आणि मग ‘बायकांना असल्या विषयांत रस नसतो’ असं म्हणायला लोक मोकळे. गणपतीचे दिवस आणि पालखी लोणंद-फलटण भागातून जाते तो आठवडा टाळा. त्या दिवसांत वारकरी बाजूची बोलकी माणसं मिळत नाहीत आणि त्यांच्या गैरहजेरीत त्यांचं मत खोडणं सोपं जातं.

न्यायदर्शनाचा मूळ ग्रंथ असलेल्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत : वाद, जल्प आणि वितंडा. खरं काय ते शोधण्यासाठी केलेला तो वाद, जिंकण्यासाठी केलेला तो जल्प, आणि स्वतःची कुठलीच बाजू न मांडता फक्त समोरच्याचं खोडत राहणं म्हणजे वितंडा. महाविद्यालयांतल्या वादविवाद स्पर्धा जल्पाच्या जातीच्या असतात. त्यात गैर काही नाही, ढाल मिळवायचीच असते. आपल्याला इथे वाद हवा आहे, म्हणून सुरुवातीलाच सांगून टाका : जो खोडेल त्यानं आपण कुठे उभे आहोत हेही सांगायचं. ‘मला अजून ठरवता आलेलं नाही’ ही भूमिकाही चालेल, मात्र ती का ठरत नाही हे सांगावं लागेल. वितंडा करणारा माणूस बहुधा खोलीतला सगळ्यात हुशार असतो. हा नियम मुख्यतः त्याच्यासाठी आहे.

नव्वद मिनिटं अशी वाटा. पाच मिनिटं प्रश्न फळ्यावर लिहून त्यातले शब्द पक्के करायला. वादी (बाजू मांडणारा) आणि प्रतिवादी (ती खोडणारा) यांना दहा-दहा मिनिटं. मग दहा मिनिटं उलट मांडणीला : प्रतिवादीनं वादीचं म्हणणं स्वतःच्या शब्दांत सांगायचं, आणि वादी ‘हो, मला हेच म्हणायचंय’ म्हणेपर्यंत पुढे जायचं नाही. नंतर वादीनं तसंच. जुन्या शास्त्रग्रंथांत आधी पूर्वपक्ष भक्कम मांडून मगच उत्तराला हात घालण्याची रीत आहे, ती हीच. पुढची चाळीस मिनिटं सगळ्यांची, एका वेळी दोन मिनिटांपेक्षा जास्त कुणी बोलायचं नाही. शेवटची पंधरा मिनिटं लिहायला. वेळ कमी पडला तर काहीही कापा, पण उलट मांडणी कापू नका. ती गाळली की लोक समोरच्यानं न केलेल्या विधानाशी भांडत बसतात.

मध्यस्थ एकच असावा आणि त्यानं आपलं मत सांगू नये. त्याच्या हाती घंटी द्या. निवृत्त प्राध्यापकांपुढे तोंडी विनंती चालत नाही, घंटी चालते.

पहिली बैठक : माणूस मोकळा आहे का

मेंदू, अणू, भौतिकशास्त्र यांपासून सुरुवात करू नका. एक प्रसंग द्या आणि त्याची चार रूपं करा. यवतेश्वर घाटात एका जीपनं रस्त्याकडेच्या माणसाला उडवलं. पहिलं रूप : चालकाला आयुष्यात पहिल्यांदाच फिट आली. दुसरं : फिटचा आजार माहीत होता, गोळ्या मात्र त्यानं मनानंच बंद केल्या होत्या. तिसरं : दारू प्यालेला होता. चौथं : मालकानं सलग सोळा तास गाडी चालवायला लावली होती, नाही म्हटलं असतं तर नोकरी गेली असती. प्रत्येकाला चिठ्ठी द्या आणि चालकाच्या दोषाला शून्य ते दहा गुण द्यायला सांगा. आपसांत बोलू देऊ नका. चिठ्ठ्या गोळा करून आकडे फळ्यावर मांडा.

पहिल्या रूपाला बहुतेक जण शून्याच्या आसपास असतात. खरी मजा दुसऱ्या आणि चौथ्यात येते. तिथे आकडे पार विखुरतात. आता विचारा : फरक कशामुळे केलात? उत्तरांत तीन गोष्टी येतात. त्याला माहीत होतं का, त्याला वेगळं वागणं शक्य होतं का, आणि त्याच्यावर जबरदस्ती होती का. कायदाही याच रेषा ओढतो. 2023 च्या भारतीय न्याय संहितेत कलम 20 नुसार सात वर्षांखालच्या मुलाचं कुठलंच कृत्य गुन्हा ठरत नाही, आणि कलम 22 मध्ये मनोविकलतेमुळे आपण काय करतोय हेच न कळणाऱ्याला सूट आहे.

इथवर सगळे खूश असतात. मग खरा प्रश्न टाका. तिसऱ्या रूपातला चालक दारूकडे का वळला, यामागे त्याचं घर, त्याची संगत, त्याचं शरीर अशी कारणं आहेतच. प्रत्येक कारणामागे आणखी कारण. साखळी पूर्ण असेल तर पहिल्या आणि तिसऱ्या चालकात फरक उरतो का? नियतिवादी म्हणेल, उरत नाही. स्वातंत्र्यवादी म्हणेल, साखळी कुठेतरी तुटते. तिसरा पक्षही आहे आणि तो मुद्दाम मांडायला लावावा लागतो, कारण आपणहून तो कुणी घेत नाही : साखळी अखंड असली तरी कृती माणसाच्या स्वतःच्या इच्छेतून आणि विचारातून निघाली असेल तर तेवढं स्वातंत्र्य जबाबदारीला पुरतं. स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम याच वाटेचा. या पक्षाला विचारायचा अवघड प्रश्न असा, की ती इच्छा तरी त्यानं कुठे निवडली होती?

या टप्प्यावर कुणीतरी मेंदूचे अभ्यासक बेंजामिन लिबेटचा प्रयोग काढतोच. तो नीट सांगितला जाईल याची काळजी घ्या. 1983 च्या त्या प्रयोगात लोकांना मनाला येईल तेव्हा मनगट हलवायला सांगितलं होतं. हालचालीच्या साधारण 550 मिलिसेकंद आधी मेंदूत विद्युत तयारी दिसू लागली, आणि ‘आता हलवावंसं वाटलं’ ही जाणीव लोकांनी साधारण 200 मिलिसेकंद आधीची नोंदवली. म्हणजे तयारी आधी, जाणीव नंतर. यावरून ‘विज्ञानानं सिद्ध केलं की निवड वगैरे काही नसते’ असं म्हणणं ही उडी आहे. त्या तयारीच्या लहरीत मेंदूतल्या नेहमीच्या चढउतारांचा मोठा वाटा असू शकतो, असं वेगळं स्पष्टीकरण 2012 मध्ये पुढे आलं. शिवाय निष्कारण मनगट हलवणं आणि महिनाभर विचार करून नोकरी सोडणं या एका जातीच्या निवडी आहेत का, हे आधी ठरवावं लागेल. खुद्द लिबेटनंही शेवटच्या क्षणी कृती रोखण्याला जागा ठेवली होती.

आपल्याकडचा खास गुंता वेगळाच आहे. ‘ठरलेलं असतं’ हे वाक्य बैठकीत दहा वेळा येईल आणि त्याचे निदान तीन अर्थ असतील. कारणांनी ठरलेलं, कर्मानं ठरलेलं, आणि देवानं ठरवलेलं. फळ्यावर तीन रकाने आखा आणि बोलणाऱ्याला विचारा, कुठला? प्रारब्ध म्हणजे नियतिवाद नव्हे. संचितातला, म्हणजे मागच्या कर्मांच्या साठ्यातला, जो भाग फळाला आला ते प्रारब्ध. आत्ता करतोय ते क्रियमाण, आणि कर्मसिद्धान्ताला ते मोकळं ठेवावंच लागतं, नाहीतर नवं पापपुण्य लागायचं कसं? नियतिवाद मात्र क्रियमाणालाही सोडत नाही. हा फरक फळ्यावर आला की निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

‘होणारं होतंच’ हे चौथंच प्रकरण आहे. बरं व्हायचं असेल तर डॉक्टरकडे न जाताही बरा होईन, असं म्हणणाऱ्याला उत्तर सोपं आहे : बरं होणं ठरलेलं असेल तर ते डॉक्टरच्या औषधातूनच ठरलेलं असेल. कारणांची साखळी आपल्या प्रयत्नाला वळसा घालून जात नाही.

अभंग-ओव्यांची फेकाफेक होणार, तिची तयारी ठेवा. एक जण ‘ठेविले अनंते तैसेचि राहावे’ म्हणेल, दुसरा ‘असाध्य ते साध्य करिता सायास’ म्हणेल. दोन्ही तुकोबांचेच. तिसरा रामदासांचं ‘यत्न तो देव जाणावा’ काढेल. नियम असा करा : वचन हे एखादी भूमिका नेमकी सांगायला चालेल, पुरावा म्हणून चालणार नाही. प्रश्न ‘तुकोबांना काय म्हणायचं होतं’ हा असेल तर गोष्ट वेगळी. त्यासाठी वेगळी बैठक घ्या, चांगली रंगते.

दुसरी बैठक : बरं-वाईट कशावरून

इथे फळ्यावर आधी दोन प्रश्न वेगळे लिहा. एक, देव न मानणारा माणूस नीतीनं वागू शकतो का? दोन, देव नसेल तर नीतीला आधार काय? पहिल्याचं उत्तर आगरकरांचं चरित्र देऊन टाकतं, त्यावर वेळ घालवू नका. दुसऱ्याला मात्र आगरकरांचं नाव घेऊन उत्तर मिळत नाही. लोक पहिल्याचं उत्तर देतात आणि दुसराही सुटला असं समजतात.

‘सुधारक म्हणजे निरीश्वरवादी’ ही समजूतही इथेच काढून टाकावी. जोतीराव फुल्यांनी मूर्ती, पोथी, पुरोहित नाकारले, निर्माता नाकारला नाही. 1891 मध्ये, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म’ या पुस्तकात स्त्री-पुरुषांच्या समान हक्कांचा आधार निर्मिकच (निर्माता) आहे : त्यानं सगळ्यांना सारखं घडवलं, म्हणून कुणी कुणाला दडपू नये. नीतीला देवाचा आधार लागतो असं म्हणणाऱ्यानं ही मांडणी जरूर वापरावी. आणि समोरच्यानं विचारावं : निर्मिक मानला नाही तर समता खोटी ठरते का?

हाच पेच प्लेटोनं ‘युथिफ्रो’ या संवादात सॉक्रेटिसच्या तोंडी घातला आहे. देवाला आवडतं म्हणून ते चांगलं, की चांगलं आहे म्हणून देवाला आवडतं? पहिलं म्हणावं, तर उद्या देवाला क्रौर्य आवडलं तर तेही चांगलं ठरेल. दुसरं म्हणावं, तर चांगलेपणा देवाच्या आधीपासूनच आहे. आस्तिक बाजूकडे याला उत्तर आहे : चांगुलपणा हा देवाचा स्वभावच आहे, त्याची लहर नाही. ते उत्तर मांडायला पुरेसा वेळ द्या, कारण पेच ऐकल्याबरोबर लोक हसतात आणि उत्तर ऐकूनच घेत नाहीत.

‘ज्याचं त्याचं खरं’ म्हणणारा एक जण असतोच, बहुतेक वेळा तरुण. त्याला अस्पृश्यतेबद्दल विचारा. ती तेव्हाही चूक होती, की फक्त आज चूक वाटते? तेव्हाही चूक होती म्हटलं, तर समाजाच्या संमतीपलीकडचं काही मोजमाप त्यानं मान्य केलं. तेव्हा बरोबर होती म्हणायची हिंमत सहसा होत नाही. उदाहरण वापरताना भान मात्र ठेवा. खोलीत ज्यांच्या आजी-आजोबांनी ते भोगलं ती माणसं असतील. त्यांना कोड्यातला तुकडा बनवू नका, बोलायचं असेल तर पहिल्यांदा त्यांना बोलू द्या.

हलक्या हातानं चालवायचं उदाहरण म्हणजे जत्रेतला बोकड. दर रविवारी मटण खाणारा जत्रेतल्या बोकडबळीला विरोध करत असेल, तर त्याला विचारा : आक्षेप मारण्याला आहे, उघड्यावर मारण्याला आहे, की देवाच्या नावानं मारण्याला? तिन्ही आक्षेप वेगळे आणि प्रत्येकाला वेगळं कारण लागतं. शाकाहारी माणसानं दुधाचं उत्तर तयार ठेवावं.

तिसरी बैठक : देव

‘देव आहे का’ असा प्रश्न फळ्यावर लिहिलात तर बैठक बुडाली. कुठला देव? नवसाला पावणारा, जगाचा कर्ता, फुल्यांचा निर्मिक, की अद्वैतातलं निर्गुण ब्रह्म? नवसावरचा आक्षेप ब्रह्माला लागत नाही आणि ब्रह्माची सिद्धता नवसाच्या कामाची नाही. वादीनं सुरुवातीला एक निवडायचा आणि दीड तास त्यावरच राहायचं. अडचणीत आला की साकारातून निराकारात निसटायचं, ही या बैठकीतली नेहमीची पळवाट. मध्यस्थानं ती अडवायची.

कर्ता असलेला देव घेतलात तर आपल्याच परंपरेत दोन्ही बाजूंचा दारूगोळा भरपूर आहे. नैयायिकांचा, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांचा युक्तिवाद, जो उदयनाचार्यांनी पुढे भक्कम केला, असा : घडा हे कार्य आहे, त्याला कुंभार असतो, जगही कार्य आहे, म्हणून त्यालाही कर्ता असणार. खोडणाऱ्यानं दोन जागी बोट ठेवावं. जग हे एकूणच कधीतरी निर्माण झालं हे कशावरून? मीमांसक ते मानत नाहीत. आणि कुंभाराला शरीर असतं, हात असतात. मग जगाच्या कर्त्यालाही ते असणार का? नसेल तर कुंभाराचा दाखला किती लागू पडला? मीमांसा आणि सांख्य ही वेद मानणारी दर्शनं असूनही त्यांना जगाच्या कर्त्याची गरज वाटली नाही, हे सांगितलं की ‘देव न मानणं ही बाहेरून आलेली फॅशन’ हा मुद्दा गळून पडतो.

दिसत नाही म्हणून नाही, हे उलट बाजूचं घाईचं विधान. त्यावर जुनी कसोटी लावा : असती तर दिसायलाच हवी होती अशी वस्तू दिसली नाही, तरच ती नाही म्हणता येतं. टेबलावर हत्ती नाही हे पाहून सांगता येईल, टेबलावर जंतू नाहीत हे नुसतं पाहून सांगता येणार नाही. तेव्हा प्रश्न असा होतो : वादीनं निवडलेला देव असता तर जगात नेमकं काय वेगळं दिसलं असतं? काहीच नाही, असं उत्तर आलं तर ते नोंदवून ठेवा. त्याची किंमत दोन्ही बाजूंना मोजावी लागते.

दुःखाचा प्रश्न अखेरीस घ्या. देव सर्वशक्तिमान आणि दयाळू, तर निरपराध का मरतात? ‘माणसाला स्वातंत्र्य दिलं, त्यानं वाईट निवडलं’ हे उत्तर खुनाला चालतं, भूकंपाला चालत नाही असं सांगतात. इथे आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण पेच वाढवतं. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप धरणाच्या जलाशयामुळे चाळवला गेला असं भूशास्त्रज्ञ मोठ्या प्रमाणावर मानतात. मग तो निसर्गाचा की माणसाचा? आणि धरण बांधताना हे ठाऊक नसेल, तर पहिल्या बैठकीतल्या पहिल्या चालकासारखा दोष शून्य धरायचा का? तीन बैठकांचे धागे इथे आपसूक जुळतात, म्हणूनच हा मुद्दा सुरुवातीला खर्च करायचा नाही. कर्मसिद्धान्ताचं उत्तर येईल : पूर्वजन्मीचं फळ. त्याला विचारायचं ते असं, की मेलेल्या तान्ह्या बाळाच्या आईसमोर हेच वाक्य उच्चाराल का? आणि उच्चारणार नसाल तर ते खोटं म्हणून, की क्रूर म्हणून? दोन कारणं वेगळी आहेत.

25 जानेवारी 2005 ची मांढरदेवची चेंगराचेंगरी मात्र उदाहरणाला घेऊ नका. वाई-सातारा परिसरात खोलीतल्या कुणाचं तरी माणूस त्यात गेलेलं असू शकतं.

जिथे गाडी घसरते

चर्चा बुवाबाजीवर उतरणं हा सगळ्यात नेहमीचा अपघात. भोंदू बुवा पकडला गेला म्हणून देव खोटा ठरत नाही, आणि कीर्तनकार सज्जन निघाला म्हणून खराही ठरत नाही. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा अघोरी प्रथा आणि फसवणूक यांच्याविरुद्ध आहे, देव मानण्याविरुद्ध नाही. हे मध्यस्थानं सुरुवातीलाच एका वाक्यात सांगून टाकावं. दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात खून झाला, त्याची सावली अशा बैठकांवर असतेच. ती नाकारू नका. निमंत्रितांपुरतीच बैठक ठेवा आणि मोबाइलवर चित्रीकरण पूर्ण बंद. दोन मिनिटांची क्लिप संदर्भाविना व्हॉट्सअॅपवर फिरली की वादी-प्रतिवादी दोघांनाही घरी उत्तरं द्यावी लागतात. जाणूनबुजून, दुष्ट हेतूनं धर्मभावना दुखावणं हा न्याय संहितेच्या कलम 299 खाली गुन्हा आहे. युक्तिवादाला त्याचा अडसर नाही, टवाळीला मात्र खोलीत जागा नको.

आवाज चढले तर बोलणं थांबवून दोन मिनिटं सगळ्यांना लिहायला लावा : ‘समोरच्याचा मला न सुटलेला मुद्दा कोणता?’ पाणी प्या, चिठ्ठ्या वाचा, पुढे चला. चहा मध्येच देऊ नका. चहाबरोबर गट पडतात आणि ते परत खुर्चीवर येत नाहीत.

शेवटी हात वर करून मतदान घेऊ नका. त्यात फक्त कोण किती मित्र घेऊन आलं ते कळतं. शेवटच्या पंधरा मिनिटांत प्रत्येकानं नाव न घालता तीन ओळी लिहायच्या : मत कुठे हललं, कुठल्या मुद्द्यानं, आणि कुठला मुद्दा अजून गळी उतरत नाही. तिसऱ्या ओळींतून सर्वांत जास्त वेळा आलेला मुद्दा निवडा आणि पुढच्या रविवारचा प्रश्न त्यावरूनच लिहा. त्या प्रश्नावर आज वादी असलेल्याला प्रतिवादी करा, आणि हे त्याला निदान चार दिवस आधी कळवा.